कारयित्री : पडद्यामागील एका पात्राचा विचार

राजशेखराने ‘काव्यमीमांसे’त प्रतिभेचे दोन भेद सांगितले आहेत. कवीला उपकारक ती कारयित्री आणि भावकाला, म्हणजे रसिक-समीक्षकाला, उपकारक ती भावयित्री. हा भेद आपल्या साहित्यविचारात इतका रुजला आहे, की एकीकडे निर्माता आणि दुसरीकडे आस्वादक अशी मांडणी केली म्हणजे कलाव्यवहाराचा सारा प्रदेश व्यापला, असे आपण गृहीत धरतो. प्रयोगकलांच्या बाबतीत त्यात फार तर नटाची भर घालतो. तथापि ज्याने कोणे एके काळी एखादे नाटक उभे राहताना पाहिले आहे, त्याला या तिघांखेरीज आणखी एक व्यक्ती ठाऊक असते. ती लिहीत नाही, गात नाही, नाचत नाही. परंतु ती नसती तर प्रयोगही नसता. आपल्या संगीत रंगभूमीने तिला ‘तालीममास्तर’, ‘व्यवस्थापक’ अशी कामापुरती नावे दिली. समीक्षेने मात्र तिला श्रेयनामावलीतील एका ओळीपलीकडे जागा दिलेली नाही. या व्यक्तीचे कार्य नेमके कोणत्या स्वरूपाचे असते, याचा विचार दोन उदाहरणांच्या आधारे येथे करावयाचा आहे. एक उदाहरण कल्पित आणि जपानी आहे. दुसरे खरेखुरे आणि कलकत्त्याचे आहे.

जपानी चित्रमालिकांना ‘ॲनिमे’ म्हणतात, हे आता आपल्या घराघरांतील मुलांना माहीत आहे. या नियतकालिकाच्या वाचकांना हा विषय कदाचित हलका वाटेल. परंतु लोकरंजनाच्या कलेत एखादा प्रश्न पंडितांच्या आधी विचारला गेल्याची उदाहरणे थोडी नाहीत. इंग्रजी ‘आयडल’ या शब्दापासून जपानीत ‘आयदोरु’ हा शब्द आला. व्यवसायसंस्थांनी निवडून, शिकवून, सजवून लोकांपुढे आणलेली तरुण गायक-नर्तक मंडळी असा त्याचा रूढ अर्थ आहे. २०१० साली सुरू झालेल्या ‘लव्ह लाइव्ह’ या कथामालेने त्यात एक महत्त्वाचा बदल केला. तिच्यातील ‘स्कूल आयडल’ कोणत्याही कंपनीच्या नोकर नसतात. शाळेतल्या मुली आपल्या आपण एकत्र येतात, गाणी रचतात, पोशाख शिवतात, तालमी करतात आणि इतर शाळांच्या पथकांशी स्पर्धा करतात. बाजाराच्या वस्तूला शाळेच्या अंगणात आणून तिचे हौसेत रूपांतर करावयाचे, ही या मालेची मूळ कल्पना होय.

या मालेतील ‘निजिगासाकी’ विद्यालयाची कथा २०२० साली प्रथम दूरचित्रवाणीवर आली. तिचा दुसरा भाग २०२२ साली आला. टोकियोच्या ओदाइबा भागातील या विद्यालयात ताकासाकी यू ही विद्यार्थिनी आहे. सेत्सुना या टोपणनावाने गाणाऱ्या एका मुलीचा प्रयोग ती योगायोगाने पाहते आणि भारावून जाते. तिची बालमैत्रीण आयुमु मंचावर जाण्याचे ठरवते. यू मात्र जात नाही. ती विस्कटलेले मंडळ पुन्हा जमवते, एकेकीला भेटते, प्रयोगाची सोय करते, आणि प्रत्येक मुलीने काय गावे यापेक्षा तिला काय गावेसे वाटते याची विचारपूस करते. येथे एक गोष्ट विशेष ध्यानात घेण्याजोगी आहे. २०१९ साली निघालेल्या ज्या खेळावरून ही मालिका घडली, त्यात या पात्राला ठरलेले नाव नव्हते. तेथे ते पात्र म्हणजे खेळणारा स्वतः होता. त्याला इतर पात्रे ‘आनाता’, म्हणजे ‘तुम्ही’, असे संबोधीत. मालिकेने या ‘तुम्हां’ला नाव दिले, चेहरा दिला आणि कथेच्या मध्यभागी आणले. समोर बसलेला रसिकच पात्र झाला. राजशेखराच्या परिभाषेत बोलावयाचे तर भावयित्री प्रतिभेला हातपाय फुटले.

या पात्राचे मर्म पहिल्या भागाच्या आरंभीच्या एका प्रसंगात प्रकट होते. स्पर्धा जिंकावयाची तर सर्वांनी एका सुरात, एका शिस्तीत गायले पाहिजे, या आग्रहापायी सेत्सुनाचे मंडळ फुटलेले असते. आपणच या फुटीस कारण झालो असे मानून ती गाणे सोडू पाहते. तेव्हा यू तिला जे सांगते त्याचा आशय असा, की तसे असेल तर त्या स्पर्धेत उतरण्याचे कारणच नाही. तू गात राहावेस एवढेच मला हवे. जी कथामाला स्पर्धेवर उभी आहे, तिच्याच पोटात स्पर्धा अनावश्यक ठरविणारे हे उद्गार आहेत. त्यांचा परिणाम प्रयोगाच्या रूपावरही होतो : पुढे या मंडळातील मुली प्रामुख्याने एकेकट्या, आपापल्या रीतीने गातात. यूने येथे सल्ला दिला नाही, सोय केली नाही, कौतुकही केले नाही. तिने एक मागणी केली. आणि त्या मागणीने कलाकृतीचा घाटच बदलला.

मंडळासाठी जपानीत जो ‘दोकोकाई’ हा शब्द आहे, त्यातील तीन अक्षरांचा अर्थ अनुक्रमे ‘समान’, ‘आवड’ आणि ‘सभा’ असा होतो. अनुवादकाला येथे थोडे थांबावेसे वाटते. आपण ‘हौशी नाट्यमंडळी’ म्हणतो, बंगालीत ‘शखेर थिएटर’ म्हणतात. तिन्ही भाषांनी धंद्याबाहेरच्या कलेला नाव देताना पोटाचा नव्हे, आवडीचा शब्द निवडला. ‘व्यवस्थापक’ या शब्दात मात्र आवडीचा मागमूस नाही. आपली समीक्षा या व्यक्तीला हमाल समजत आली, त्याचे एक कारण या शब्दातही असावे.

आता कलकत्त्याकडे वळू. जपान आणि बंगाल यांचा सांस्कृतिक संबंध जुना आहे. १९१६ साली जपानला गेलेल्या रवींद्रनाथांनी तेथील नृत्य पाहिले आणि ‘जापानयात्री’त त्याविषयी लिहिले. परंतु भद्र घरातील मुलींनी लोकांसमोर नाचावे, ही कल्पना त्या काळी कलकत्त्यात सोपी नव्हती. तेथील व्यावसायिक रंगभूमीवर स्त्रिया १८७३ पासून काम करीत होत्या. पण त्या समाजाने बाहेर ठेवलेल्या वस्तीतून आलेल्या होत्या. त्यांच्यातील सर्वश्रेष्ठ नटी विनोदिनी दासी. १८८३ साली जे नाट्यगृह तिच्यामुळे उभे राहिले, त्याला तिचे नाव देण्याचे आश्वासन तिच्या सहकाऱ्यांनी दिले होते, असे ती आत्मकथेत सांगते. प्रत्यक्षात नाव पडले ‘स्टार’. १९१२ साली तिने ही व्यथा लिहून ठेवली. हातीबागानातील आजच्या स्टार थिएटरला विनोदिनीचे नाव देण्याची घोषणा २०२४ च्या अखेरीस झाली, म्हणजे मूळ घटनेनंतर एकशे एकेचाळीस वर्षांनी. श्रेयाचा हिशेब किती सावकाश चुकता होतो, हे यावरून दिसेल. भद्र मुलींच्या नृत्याचा जो विचार पुढे करावयाचा आहे, त्याच्या तळाशी या नटींची सावली आहे, हेही विसरता कामा नये. त्या बदनाम ठरल्या होत्या म्हणूनच इतरांना ‘आम्ही त्या नव्हेत’ हे सिद्ध करावे लागले.

प्रतिमादेवी ठाकूर (१८९३–१९६९) या गगनेंद्रनाथ आणि अवनींद्रनाथ यांच्या भगिनी विनयिनीदेवी यांच्या कन्या. बालपणीच वैधव्य आले. १९१० साली रवींद्रनाथांचे पुत्र रथींद्रनाथ यांच्याशी त्यांचा विवाह झाला. ठाकूर कुटुंबातील हा पहिला विधवाविवाह होय. त्या चित्रकर्त्री होत्या आणि नंदलाल बसूंच्या हाताखाली शिकल्या होत्या. १९२६ साली कवींचा जन्मदिवस जवळ आला, तेव्हा केवळ मुलींना करता येईल असा काही प्रयोग ‘पूजारिणी’ या कवितेवरून बसवावा, असे त्यांच्या मनात आले, आणि त्यांनी सासऱ्यांकडे तशी मागणी केली. त्या मागणीतून ‘नटीर पूजा’ हे नाटक निर्माण झाले. पंचविशे वैशाखाला शांतिनिकेतनात त्याचा पहिला प्रयोग झाला. मणिपुरी नृत्यशिक्षक नवकुमार सिंह यांनी मुलींना नृत्य शिकविले; नंदलालांची कन्या गौरी हिने श्रीमतीची भूमिका केली; मुलींच्या तालमी प्रतिमादेवींनी कसून घेतल्या.

नाटकाचा विषय येथे सांगणे अवश्य आहे. अजातशत्रूच्या राज्यात स्तूपाची पूजा निषिद्ध ठरली आहे. राजवाड्यातील नर्तकी श्रीमती हिला अपमानबुद्धीने त्या स्तूपापुढेच नाचण्याची आज्ञा होते. ती नाचते, नाचता नाचता एकेक अलंकार उतरवून टाकते, आणि शेवटी अंगावर भिक्षुणीचे वस्त्र तेवढे उरते. नृत्यच पूजा ठरते, आणि त्यासाठी तिला प्राण द्यावे लागतात. ‘मुलींसाठी एक नाटक द्या’ या मागणीला कवीने दिलेले हे उत्तर पाहिले म्हणजे मागणीतील न बोललेला अर्थ त्याने किती अचूक ओळखला होता, हे कळते. मुली नाचल्या तर त्यांची अप्रतिष्ठा होईल काय, हा समाजाचा प्रश्न होता. आणि नाटक त्या प्रश्नालाच कथावस्तू करते. मागणी करणारीचा वाटा या नाटकाच्या केवळ निमित्तात नाही, आशयातही आहे.

१९२७ च्या जानेवारीत हे नाटक कलकत्त्यात, जोडासाँकोच्या वाड्यात झाले. शांतिनिकेतनातील आप्तांपुढे नाचणे वेगळे आणि महानगरातील निमंत्रितांपुढे नाचणे वेगळे. या प्रयोगासाठी रवींद्रनाथांनी भिक्षू उपालीची नवी भूमिका लिहिली आणि ती स्वतः केली. मंचावर कवी स्वतः आहे म्हटल्यावर टीकाकारांची तोंडे काही अंशी बंद व्हावीत, हा त्यातील हेतू होता. म्हणजे केवळ मुलींचे म्हणून मागितलेले नाटक कलकत्त्याला आणताना त्याला एका वृद्ध पुरुषाचे कवच चढवावे लागले. त्यात रवींद्रनाथांचे औदार्य आहे, तसेच त्या शहराने वसूल केलेले जकातमूल्यही आहे. त्याच सुमारास महाराष्ट्रात बालगंधर्व नायिका रंगवीत होते. स्त्रीभूमिका स्त्रियांनीच करण्याचा नाट्यमन्वंतरचा ‘आंधळ्यांची शाळा’ हा गाजलेला प्रयोग १९३३ साली झाला. या पार्श्वभूमीवर जोडासाँकोच्या त्या संध्याकाळचे मोल आपल्याला अधिक नेमके समजेल.

येथून पुढची तेरा वर्षे हा शोध चालू राहिला. प्रतिमादेवींनी रवींद्रनाथांच्या कविता आणि कथा मूक अभिनयाच्या व नृत्याच्या रूपाने बसवून पाहिल्या. ‘क्षुधित पाषाण’, ‘सामान्य क्षति’ ही त्यांतील काही. या खटाटोपातूनच कवीला नृत्यनाट्याच्या रूपाची वाट दिसत गेली. ‘चित्रांगदा’ १९३६ साली, ‘चंडालिका’ १९३८ साली आणि ‘श्यामा’ १९३९ साली कलकत्त्याच्या मंचावर आली. वेष कोणता, रंग कोणता, मागचा पडदा किती साधा, कोणती आकृती कोठे थांबावी, हे पाहणारी दृष्टी चित्रकर्त्रीची होती. व्यवस्थेला पैशाचीही बाजू होती. विश्वभारतीसाठी निधी जमविण्याकरिता १९३६ साली ‘चित्रांगदा’ घेऊन कवी चौऱ्याहत्तराव्या वर्षी उत्तर हिंदुस्थानात फिरत होते. दिल्लीत गांधीजींनी साठ हजार रुपयांची तजवीज करून त्यांची ही पायपीट थांबविली. ही हकीकत सर्वांना ठाऊक आहे. त्या फिरतीतील प्रयोग ज्या तयारीवर उभे होते, तिची हकीकत क्वचितच सांगितली जाते.

असे का व्हावे? पहिले कारण नात्याचे आहे. रवींद्रनाथ पत्रांत त्यांना ‘बौमा’, म्हणजे सूनबाई, म्हणून संबोधितात. ज्या श्रमाला घरातले नाव असते, त्याला कलेतले नाव मिळणे कठीण. सुनेने केलेली तालीम हीही तिच्या घरकामात जमा होते. दुसरे कारण प्रयोगाच्या नश्वरतेचे आहे. ‘नटीर पूजे’चे चित्रण न्यू थिएटर्सने १९३२ साली केले होते, त्याच्या प्रती पुढे आगीच्या भक्ष्यस्थानी पडल्या. संहिता तेवढी उरली. संहिता उरली की लेखक उरतो. ज्यांचे काम देहांत, कापडांत आणि वेळेच्या शिस्तीत होते, त्यांचे काम त्या संध्याकाळीच संपते. प्रतिमादेवींनी ‘नृत्य’ नावाचे पुस्तक लिहिले नसते, तर या शोधाचा आतला इतिहास आपल्याला फारसा कळलाच नसता.

दोन्ही उदाहरणांतील अंतर लपविण्याचे कारण नाही. यू ही सुखवस्तू कल्पनासृष्टीतील मुलगी आहे; तिच्या मैत्रिणींच्या गाण्याने कोणाची अब्रू जात नाही. शिवाय मालिकेलाही शेवटी धीर धरवलेला नाही. यू संगीत विभागात प्रवेश घेते आणि स्वतः रचना करू लागते. जणू नुसते जमविणे, मागणे, ऐकणे हे कथानायिकेला पुरेसे नाही, तिने लवकरच ‘खऱ्या’ निर्मात्यांच्या पंक्तीत बसले पाहिजे. या वळणाने मालिकेची मूळ कल्पना काहीशी उणी झाली, असे माझे मत आहे. तथापि जे आपल्या नाट्येतिहासाला साधले नाही ते या लोकरंजनाने साधले, हे मान्य करावयास हवे. पडद्यामागच्या व्यक्तीची नजर हीच कथेची नजर होऊ शकते, हे तिने दाखविले. बंगालीत पूजेच्या मूर्तीला ‘प्रतिमा’ म्हणतात. त्या नावाची बाई आयुष्यभर दुसऱ्यांना मंचावर उभे करीत राहिली, हा योगायोग मोठा बोलका आहे.

‘कारयित्री’ हा शब्द व्याकरणदृष्ट्या प्रयोजक धातूपासून झाला आहे. करणारी ती कर्त्री. करविणारी ती कारयित्री. राजशेखराने हे विशेषण कवीच्या प्रतिभेला लावले, कारण ती कवीकडून काव्य करविते. मग दुसऱ्याकडून काव्य करविणाऱ्या माणसाला ते का लागू नये? अशा माणसाची प्रतिभा मुळात भावकाची असते. त्याला एखाद्या कलावंतात अजून न झालेली कृती दिसते; ती तो मागतो, आणि मागून थांबत नाही, तिला उभे राहण्यासाठी जागा करतो. भावन आणि निर्मिती यांच्या सीमेवरचे हे काम आहे. गोविंद बल्लाळ देवलांची नाटके आपण वाचतो, पण तालीममास्तर देवलांनी नटांकडून जे करवून घेतले, ते नटांच्या आठवणींवर सोडून देतो. अनुवादकाला ही स्थिती परकी नाही. त्याचे कामही दुसऱ्याचा आवाज आपल्या भाषेत उभा करण्याचे, आणि तो नीट उभा राहिला तर आपण स्वतः न दिसण्याचे असते. म्हणून एखाद्या नाट्यकृतीचा विचार करताना ती कोणी लिहिली आणि कोणी केली, या दोन प्रश्नांबरोबर ती कोणी मागितली, हा तिसरा प्रश्न समीक्षेने विचारावा. ‘नटीर पूजे’पुरते त्याचे उत्तर आपल्याजवळ आहे, ते नाटकाच्या नावाशेजारी लिहिले गेले पाहिजे.