ओढा छोटा, हिशेब मोठा

गावाकडच्या रस्त्यावर ओढ्यावरचा पूल दिसला की वाटतं, उसाची ट्रॉली आणि एसटी झेपेल एवढा भक्कम केला असेल, झालं. पण इंजिनिअर आधी बघतो तो खालून जाणारं पाणी! आणि ते बरोबरच आहे. भारतात १९७७ ते २०१७ या काळात पडलेल्या दोन हजारांहून अधिक पुलांचा एक अभ्यास झाला आहे. त्यातले सुमारे ८० टक्के पूल नैसर्गिक आपत्तीत गेले, आणि त्यात पुराचा वाटा सर्वांत मोठा. जादा वजनाने पडलेले जेमतेम ३ टक्के.

मोरी कुठे संपते आणि पूल कुठे सुरू होतो? इंडियन रोड्स काँग्रेसचा हिशेब सोपा आहे. ६ मीटरपर्यंत मोरी, त्यापुढे ६० मीटरपर्यंत लहान पूल.

सह्याद्रीच्या ओढ्यांसाठी एक खास सूत्र आहे आणि त्याचं नातं पुण्याशी आहे. खडकवासल्याच्या संशोधन केंद्राचे प्रमुख राहिलेले सर क्लॉड इंग्लिस यांनी ते मांडलं. किती चौरस किलोमीटरचं पाणी ओढ्यात उतरतं तेवढं सांगा, पूर किती येईल ते सूत्र सांगतं. पाणलोट फक्त १ चौरस किलोमीटरचा असला तरी उत्तर येतं सेकंदाला सुमारे ३७ घनमीटर. म्हणजे दहा हजार लिटरचे जवळजवळ चार टँकर, दर सेकंदाला! पाणलोट दसपट केला तर पूर मात्र साडेसातपटच वाढतो, कारण सगळीकडचं पाणी एकाच वेळी पुलापाशी पोचत नाही.

तरीही नुसत्या सूत्रावर कुणी पूल बांधत नाही, बांधूही नये. पूरखूण शोधावी लागते. बाभळीच्या फांदीला छातीच्या उंचीवर वाळकं गवत आणि प्लास्टिकच्या चिंध्या अडकलेल्या असतात, ती एक खूण. त्याहून पक्की खूण गावातल्या वयस्कर माणसांकडे मिळते. “आजी, सगळ्यात मोठा पूर आला तेव्हा पाणी कुठवर चढलं होतं?” “मारुतीच्या दुसऱ्या पायरीला लागलं होतं बघ.” लगेच त्या पायरीवर लेव्हलची पट्टी उभी राहते, दुर्बिणीतून आकडा वाचला जातो आणि पुलाची उंची तिथून ठरायला लागते. दोन-तीन घरांतून तीच पायरी सांगितली गेली की ती खूण पक्की धरावी. मला या सगळ्या कामातला हाच भाग सर्वांत मोलाचा वाटतो.

आता पुलाचा प्रकार. सगळ्यात स्वस्त आणि झटपट म्हणजे ह्यूम पाइप. ऑस्ट्रेलियात वॉल्टर ह्यूम यांनी १९१० मध्ये साचा गरगर फिरवून काँक्रीटचा पाइप घडवण्याची युक्ती काढली. ती भारतात रुजवली सोलापूरच्या वालचंद हिराचंद यांनी. इंडियन ह्यूम पाइप कंपनी १९२६ ची! या पाइपची एकच खोड: झाडाच्या फांद्या आणि पालापाचोळा अडकला की तोंड बंद, आणि पाणी रस्त्यावर. जंगलपट्टीतल्या ओढ्यावर पाइप टाकणं मला तरी पटत नाही.

काळ्या मातीत बॉक्स मोरी बरी. तिला खालूनही स्लॅब असतो, त्यामुळे वजन दोन भिंतींखाली न एकवटता सगळ्या तळावर पसरतं.

मुरूम-खडक चांगला लागला आणि गाळा, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, दहा मीटरच्या आत असला, तर साधा स्लॅब पूल. मोठ्या पुलाला महागड्या बेअरिंग लागतात, इथे स्लॅब आणि भिंत यांच्यामध्ये डांबरी कागद घातला तरी भागतं. सळईच्या काँक्रीटचा पहिला पूल कुणी केला माहीत आहे? एका माळ्याने! फ्रान्सचे जोसेफ मोनिए फुलझाडांच्या कुंड्या फुटू नयेत म्हणून सिमेंटमध्ये तारेची जाळी घालत. १८७५ मध्ये त्यांनी शाझले इथे सुमारे १४ मीटरचा पूल उभा केला.

मग एक गाळा की दोन? जुना ठोकताळा असा: एका खांबाचा खर्च आणि एका गाळ्याचा खर्च बरोबरीला आला की ती लांबी किफायतशीर. पण पात्राच्या मधोमध खांब आला की पाणी त्याच्याभोवती भोवरे घेत तळ खरवडतं. पायाची खोली ठरवताना मधल्या खांबापाशी सरासरी खरवडीच्या दुप्पट खोली धरतात, काठाच्या भिंतीपाशी १.२७ पट. अरुंद ओढ्यावर मधला खांब टाळता आला तर टाळावाच.

वर्षातून मोजके दिवस पाणी वाहणाऱ्या ओढ्यावर फरशी, म्हणजे पाण्याखाली जाणारा पूल, हा चांगला पर्याय आहे. तिचे कठडे काढता येण्याजोगे ठेवतात, नाहीतर वाहून आलेलं झाड अडकतं आणि पाण्याचा सगळा जोर पुलावर येतो. स्लॅबमध्ये भोकंही ठेवतात. खाली कोंडलेली हवा त्यातून सुटते, नाहीतर ती स्लॅबला वर उचलू पाहते. गाडीवाल्यांनी एक आकडा पक्का लक्षात ठेवावा: वाहतं पाणी ३० सेंटिमीटर असलं तरी छोटी कार तरंगू लागते, ६० सेंटिमीटरला बहुतेक गाड्या वाहून जातात.

“पन्नास वर्षांतून एकदा येणारा पूर” हे ऐकून निर्धास्त होऊ नका. कुठल्याही वर्षी तो येण्याची शक्यता २ टक्के असते, म्हणजे पन्नास वर्षांत निदान एकदा तरी येण्याची शक्यता ६४ टक्के. तो लागोपाठच्या दोन वर्षांतही येऊ शकतो.

तेव्हा ग्रामसभेत नव्या पुलाचा विषय निघाला, तर रुंदी आणि कठड्याचा रंग नंतर बघा. पूरखूण कुठली धरली आणि पाया किती खोल जाणार, हे आधी विचारा. आणि मोजणीच्या दिवशी गावातल्या आजी-आजोबांना ओढ्यावर अवश्य घेऊन जा.