भिंतीआडची देवघेव

येरवड्याचें नांव काढतांच महाराष्ट्रीय मनुष्यास तेथील कारागृहाचा तट आठवतो. १९३० सालीं त्या तटाआडून महात्मा गांधी दर आठवड्यास साबरमतीच्या आश्रमास पत्र धाडीत. आज त्याच येरवड्यांत संगणकाच्या कंपन्या नांदत आहेत, आणि दुसरा एक तट आपणां प्रत्येकाच्या घरांत येऊन बसला आहे. तो डोळ्यांना दिसत नाहीं, इतकेंच.

‘राउटर’ म्हणून जी लहानशी पेटी घरोघरीं असते, तोच हा तट. तिचीं कामें दोन. पहिलें राखणीचें: आंतल्यानें बाहेर हांक मारली, तर तिचें उत्तर आंत येऊं द्यावयाचें, न बोलावतां आलेल्यास दारांतूनच परत पाठवावयाचें. दुसरें काम काटकसरीचें. इंटरनेटवरील जुन्या पद्धतीचे पत्ते सुमारें ४२९ कोटीच होऊं शकतात. ते सर्व जगास पुरत नाहींत. म्हणून घरांतील सर्व यंत्रांना मिळून बाहेर एकच पत्ता असतो. वाड्यांत बिऱ्हाडें दहा, पण दिंडी दरवाजा एक. पोस्टमनास वाडा ठाऊक, खोली ठाऊक नाहीं, तसाच हा प्रकार. मोबाइल-कंपन्या तर अनेक ग्राहकांस मिळून एकच पत्ता देतात.

आतां मध्यस्थाच्या कोठारांत न ठेवतां एका घरांतील संगणकानें दुसऱ्या घरांतील संगणकास थेट वस्तु द्यावी, ही युक्ति प्रसिद्धीस आली ती १९९९ सालच्या ‘नॅप्स्टर’मुळें. त्याची यादी मात्र एकाच ठिकाणीं असे. म्हणून २००१ सालीं न्यायालयाच्या आदेशामुळें तें बंद पडलें. २००० सालच्या ‘नुटेला’नें मध्यवर्ती यादीच काढून टाकली. २००१ सालच्या ‘बिटटॉरेंट’नें वस्तूचे तुकडे केले. मोठ्या पोथीचीं पानें निरनिराळ्या शिष्यांनीं उतरून घ्यावीं व मग एकमेकांस द्यावीं, तसे हे तुकडे हातोहात फिरतात. प्रत्येक तुकडा सांकेतिक ठशाशीं ताडून पाहिल्यावरच स्वीकारला जातो.

परंतु दोन्ही घरें तटाआड असलीं तर? एकच तटाआड असेल, तर त्याला मध्यस्थाकडून निरोप जातो कीं, ‘तूंच बाहेर येऊन मला हांक मार.’ दोघेही आड असले म्हणजे मध्यस्थ प्रत्येकास दुसऱ्याचा बाहेरचा पत्ता सांगतो, आणि दोघेही एकाच सुमारास एकमेकांस हांक मारतात. पहिली हांक कदाचित् वायां जाते. परंतु आपलें माणूस बाहेर बोललें आहे, ही नोंद प्रत्येक दारावर झालेली असते. त्यामुळें पुढची हांक उत्तर म्हणून आंत घेतली जाते. कांहीं तट मात्र प्रत्येक परक्यासाठीं निराळें दार वापरतात; तेथें ही युक्ति बहुधा फसते. मग सर्व माल मध्यस्थाच्याच हातून न्यावा लागतो. तो कुलुपबंद असला, तर वाहकास आंतील मजकूर कळत नाहीं. पत्त्यांची टंचाई नव्या पद्धतीनें मिटेल. राखणीचा तट मात्र राहीलच, आणि तो राहिलाच पाहिजे.

परदेशीं असलेल्या मुलीशीं आपण पडद्यावर बोलतों, तेव्हां बहुधा हीच युक्ति पडद्याआड राबत असते. आजोबांच्या हातची वंशावळ किंवा घराण्याचे कागद भावाभावांत वांटून घ्यावयाचे असल्यास ‘सिंकथिंग’सारखी साधनें आहेत. त्यांत दोघांनींही एकमेकांच्या यंत्राची ओळख स्वीकारावी लागते. ती ओळख अनोळखी निरोपावरून नव्हे, तर ओळखीच्या आवाजांत विचारून घ्यावी.

तथापि गृहस्थांनीं तीन गोष्टी ध्यानांत धराव्या. पहिली: कोणीतरी सांगितलें म्हणून राउटरचें दार कायमचें उघडें ठेवूं नये. दुसरी: द्यावयाची वस्तु वेगळ्या कप्प्यांत ठेवावी, सारें कपाट मोकळें सोडल्यास बँकेचे कागदही लोकांच्या हातीं जातील. तिसरी गोष्ट सर्वांत महत्त्वाची. ‘बिटटॉरेंट’वर घेणारा बहुधा त्याच वेळीं देणाराही होतो, आणि त्याच्या घराचा बाहेरचा पत्ता इतरांस दिसतो. परक्याचा चित्रपट किंवा ग्रंथ असा घेणारा मुलगा ‘मीं फक्त पाहिला’ असें म्हणेल. पण त्याच्या नकळत त्यानें तो वांटलेलाही असतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानें लेखक-कलावंतांस दिलेला हक्क असा वांटल्यानें मोडतो, आणि पत्ता मात्र सबंध घराचा नोंदला जातो.

साधन स्वतः निर्दोष आहे. अनेक संगणक-प्रणाली त्यांच्या कर्त्यांच्याच संमतीनें याच मार्गानें वांटल्या जातात. म्हणून मुलांस नुसतें ‘हें करूं नको’ म्हणण्यापेक्षां वडील मंडळींनीं एके दिवशीं त्यांच्याजवळ बसून ‘आपल्या घरांतून काय बाहेर जात आहे, तें मला दाखव’ असें विचारावें. जें दुसऱ्यास देत आहों तें आपलें आहे काय, एवढा विवेक घरांत असला म्हणजे पुरे. तो विवेक कोणताही तट आपल्याकरितां करूं शकत नाहीं.