अर्धापूरचा केळीवाला आंबोलीत

आमच्या अर्धापुरात केळी म्हणजे घरचंच पीक. त्यामुळे जुलैत आंबोलीला गेलो तेव्हा धबधब्याआधी कड्यावरच्या रानकेळीच दिसल्या! तिथं त्यांना चवेणी म्हणतात. बुंधा खाली फुगीर, आणि आजूबाजूला एकही मुनवा, म्हणजे कंदाला फुटणारं पिल्लू, नाही. कारण ही फक्त बियांपासूनच वाढते. फळात गर थोडा, बाकी सगळ्या टणक काळ्या बिया. पाऊस संपला की पानं वाळून जातात, कंद खडकाच्या खाचेत झोपून राहतो आणि पुढच्या पावसात पुन्हा फुटतो. आयुष्यात एकदाच घड टाकते आणि मरते. ठिबकशिवाय हे सगळं, बघा!

आपल्याकडे वर्षाला नऊशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, आंबोलीत सात हजारांच्या वर. म्हणून अंजनी-जांभळाच्या खोडांवर हातभर शेवाळ, त्यावर आमरी, म्हणजे ऑर्किड.

पण मला वेड लावलं ते आंबोली टोडनं. अंगठ्याएवढा जीव, अंगावर वाघासारखे पट्टे. शास्त्राला त्याची ओळख पटली 2009 मध्ये, म्हणजे अगदी काल-परवा. पहिल्या पावसात सड्यावरच्या, म्हणजे खडकाळ पठारावरच्या, वीतभर डबक्यात अंडी घालतो. तेव्हा सड्यावर गाडी घालू नका, पायही जपून टाका. हिरण्यकेशी नदीच्या उगमाजवळच्या कुंडात एक छोटा मासाही आहे, 2020 मध्ये नोंदलेला. पुढच्याच वर्षी ती जागा जैवविविधता वारसा स्थळ झाली.

जळवांसाठी तंबाखूची पुरचुंडी मात्र विसरू नका. मी विसरलो होतो.