उपकरण-चालकासाठी कर्नल फ्रेमवर्कची निवड : तापमान संवेदकाचे उदाहरण

लिनक्स कर्नलसाठी नवा ड्रायव्हर लिहिताना तो कोणत्या फ्रेमवर्कमध्ये नोंदवावा, हा प्रश्न प्रत्यक्ष कोडच्या आधी सोडवावा लागतो. प्रस्तुत लेखात तापमान संवेदकाच्या संदर्भात या प्रश्नाचा विचार केला आहे.

अशा संवेदकासाठी प्रामुख्याने एचडब्ल्यूमॉन व आयआयओ ही दोन फ्रेमवर्क उपलब्ध आहेत. एचडब्ल्यूमॉन यंत्राच्या स्वतःच्या प्रकृतीवर देखरेख ठेवते. प्रोसेसरचे तापमान, पंख्याची गती, विद्युतदाब हे त्याचे विषय होत. तापमान अंश सेल्सिअसच्या हजाराव्या भागात, सिसएफएसमधील साध्या फाईलमधून वाचता येते आणि मर्यादा ओलांडल्याचा इशाराही मिळतो. याउलट आयआयओ हे मापनासाठी आहे. २००९ मध्ये ते कर्नलच्या स्टेजिंग विभागात आले व २०१२ मध्ये त्याचा गाभा तेथून बाहेर पडला. ट्रिगर व बफर यांच्या साहाय्याने वेगाने, कालनोंदीसह नमुने घेण्याची सोय त्यात आहे.

म्हणून माहितीपत्रकावरील नाव पाहून नव्हे, तर उपयोग पाहून निवड करावी. शंका असल्यास आयआयओ अधिक सुरक्षित, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे; कारण आयआयओच्या वाहिन्या एचडब्ल्यूमॉनच्या रूपात दाखविणारा ड्रायव्हर कर्नलमध्येच आहे.

विद्यार्थी प्रकल्पांत मात्र दोन्ही टाळून स्वतंत्र कॅरॅक्टर डिव्हाइस व स्वतःच्या आयओसीटीएल आज्ञा रचल्या जातात. ड्रायव्हर चालतो, परंतु प्रचलित साधनांना तो ओळखता येत नाही. शिवाय उपयोजकांसाठी एकदा खुला केलेला इंटरफेस मोडायचा नाही, हा कर्नल विकासकांचा दंडक असल्याने ही चूक नंतर सहजासहजी दुरुस्त करता येत नाही.