जुना फोर बाय फोर पिकअप घेताना खाली वाकून बघा

जुना फोर बाय फोर पिकअप दाखवताना विकणारा आधी बॉनेट उघडतो. घेणाऱ्यानेही तिथेच डोकं घालावं, अशी त्याची इच्छा असते. इंजिन पुसून ठेवलेलं असतं, ऑइल ताजं असतं, गाडी चावी फिरवताच चालू होते. पण या जातीच्या गाडीचं खर्चिक दुखणं बहुतेक वेळा बॉनेटखाली नसतं. ते केबिनच्या तळाशी, हौद्याच्या पोटात, वाळलेल्या चिखलाआड असतं. म्हणून बघायला जाताना जुने कपडे घाला, टॉर्च आणि स्क्रूड्रायव्हर घ्या, आणि अंथरायला एखादं पोतं. जमिनीवर आडवं पडायचं नसेल तर ओळखीच्या मिस्त्रीला सोबत न्या; त्याची दिवसाची मजुरी ही या सगळ्या व्यवहारातली सर्वांत स्वस्त गोष्ट ठरते.

आपल्या बाजारात असे पिकअप मुळात थोडे. महिंद्राचा स्कॉर्पिओ गेटअवे आणि बोलेरो कॅम्पर, टाटाचा झेनॉन, २०१६ मध्ये आलेला इसुझूचा डी-मॅक्स व्ही-क्रॉस आणि २०२२ मध्ये आलेला टोयोटाचा हायलक्स, इतकीच नावं पुन्हा पुन्हा समोर येतात. हायलक्स सोडला तर यांतल्या बहुतेक गाड्या टू व्हील ड्राइव्हमध्येही विकल्या गेल्या आहेत, आणि मागच्या फाळक्यावरचं ‘फोर बाय फोर’चं स्टिकर कुठल्याही रेडियमच्या दुकानात मिळतं. तेव्हा आधी पुढच्या चाकांच्या मध्ये वाकून बघा. तिथे डिफरेन्शियलचा गोळा आणि त्यातून दोन्ही चाकांकडे जाणारे शाफ्ट दिसले पाहिजेत. ते नसतील तर पुढचं काहीच तपासायची गरज नाही.

तपासणीला अर्थ यायचा तर ही यंत्रणा कशी चालते ते माहीत हवं. वर नाव घेतलेल्या सगळ्या गाड्यांची रचना ‘पार्ट टाइम’ आहे. एरवी फक्त मागची चाकं गाडी ढकलतात. गिअरबॉक्सच्या मागे ट्रान्सफर केस नावाची एक पेटी असते. केबिनमधलं बटण किंवा लिव्हर ‘फोर हाय’वर नेलं की ही पेटी पुढे जाणारा शाफ्ट मागच्या शाफ्टशी घट्ट जोडते आणि दोन्ही एकाच वेगाने फिरू लागतात. ‘फोर लो’मध्ये हीच पेटी गाडीचा वेग साधारण अडीच पट कमी करते आणि ओढ तितकीच वाढवते.

आता गाडी वळते तेव्हा काय होतं ते पाहा. वळणावर पुढची चाकं मोठ्या वर्तुळावरून जातात, मागची लहान वर्तुळावरून. म्हणजे पुढच्या चाकांना जास्त अंतर कापायचं असतं, पण शाफ्ट तर एकमेकांना जखडलेले. मातीत, वाळूत किंवा चिखलात चाक जरासं घसरतं आणि हा फरक भरून निघतो. डांबरावर चाक घसरत नाही. मग तो ताण शाफ्टवर, त्याच्या सांध्यातल्या क्रॉसवर आणि ट्रान्सफर केसच्या आतल्या साखळीवर किंवा गिअरवर साठत जातो.

यातूनच मालकाला विचारायचा पहिला प्रश्न निघतो: ‘पावसाळ्यात घाटात तुम्ही फोर हाय टाकता का?’ अगदी सहज, कौतुकाच्या सुरात विचारा. ‘हो तर, सेफ्टीसाठी नेहमीच टाकतो,’ असं अभिमानाने सांगणारे बरेच भेटतात. त्या माणसाने डांबरी रस्त्यावर ही पेटी वर्षानुवर्षं पिळून काढलेली असू शकते. दुसरा प्रश्न याच्या उलट: ‘शेवटचं फोर लो कधी टाकलं होतं?’ ‘कधी गरजच पडली नाही’ हे उत्तर ऐकायला गोड लागतं, पण तेही फारसं चांगलं नाही. बटणावर चालणाऱ्या गाड्यांत ट्रान्सफर केसवर एक छोटी मोटर असते. ती वर्षानुवर्षं हललीच नाही तर पाणी आणि गंजाने जाम होते आणि नेमकी गाडी रुतलेली असताना नकार देते. पुढचं अॅक्सल जोडणाऱ्या यंत्रणेचंही तसंच.

चाचणी डांबरावर घेऊ नका. जवळपास मुरुमाचा कच्चा चढ शोधा. महाराष्ट्रात त्याची वानवा नाही. आधी ‘टू हाय’मध्ये चढावर गाडी उभी करून निघा. मागची चाकं थोडी खडी उडवतील. मग सरळ चालताना फोर हाय टाका आणि त्याच जागेवरून पुन्हा निघा. फरक ड्रायव्हरच्या सीटवरही जाणवतो, पण सोबतच्या माणसाला बाहेर उभं करा आणि पुढची चाकं जमिनीला ओढ घेतात का ते बघायला सांगा. डॅशबोर्डवर हिरवा दिवा लागला म्हणजे काम झालं असं समजू नका. काही गाड्यांत दिवा फक्त स्विच बसल्याचं सांगतो, चाकांपर्यंत जोर पोचला की नाही हे त्याला ठाऊक नसतं. शंका राहिलीच तर घट्ट जमिनीवर स्टिअरिंग पूर्ण वळवून, अगदी सावकाश, चार-पाच फूट जा. यंत्रणा खरोखर जुळलेली असेल तर स्टिअरिंग जड होतं आणि कुणी हलका ब्रेक दाबून धरल्यासारखी गाडी अडते. लगेच थांबा, चाकं सरळ करा. इथे गाडी अडली तर ते चांगलं लक्षण. लोण्यासारखी वळली तर पुढच्या चाकांपर्यंत काहीच पोचत नाहीये.

फोर लोसाठी गाडी थांबवून न्यूट्रल करावी लागते. ते पडताना ‘खट्’ असा एक आवाज येतो, तो ठीक. करकर येत राहिली तर नाही. पहिल्या गिअरमध्ये पाय सगळ्या पेडलवरून काढून घ्या. माणूस चालतो तितक्या वेगाने गाडी आपली आपण चढावर सरकली पाहिजे. मग वळवून उतारावर आणा आणि अॅक्सिलरेटर सोडलेलाच ठेवा. इंजिनने गाडी धरून ठेवली पाहिजे. लिव्हरची गाडी असेल तर उतारावर लिव्हर उडून न्यूट्रलला येतं का ते मुद्दाम बघा. तसं होत असेल तर आतले भाग झिजले आहेत. शेवटी परत टू हाय. दिवा विझायला हवा. कधी कधी थोडं मागे घेतल्यावरच विझतो, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

टू हायमध्येच मोकळ्या जागी स्टिअरिंग एका बाजूला पूर्ण वळवून गोल फिरा, मग दुसऱ्या बाजूला. पुढून ‘कट-कट-कट’ आलं तर चाकाकडचा सीव्ही जॉइंट गेला. जॉइंटवरचं रबरी बूट फाटलेलं असेल तर चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीसचे शिंतोडे दिसतात. बूट स्वस्तात मिळतं. ते वेळेवर न बदलल्यामुळे खराब झालेला जॉइंट नाही.

आता खाली. इंजिन बंद, गाडी सपाट जागेवर, चाकांना दगड लावलेले. प्रॉपेलर शाफ्ट हाताने धरून पिळा. क्रॉसमध्ये ढिलेपणा असेल तर हाताला लगेच कळतो. ट्रान्सफर केस जिथे गिअरबॉक्सला जोडलेली असते तिथे, दोन्ही डिफरेन्शियलच्या तोंडाशी आणि मागच्या चाकांच्या आतल्या बाजूला तेलाचे डाग शोधा. मग मिस्त्रीला डिफरेन्शियलचा वरचा प्लग खोलायला सांगा आणि बोट बुडवून तेलाचा रंग पाहा. मालक कुरकुर करेल, करू दे. तेल काळं असलं तर फक्त जुनं झालेलं असतं. दुधाळ असलं तर आत पाणी गेलं आहे. गाडी लांबून चालून आली की डिफरेन्शियल तापलेलं असतं. ते एकदम ओढ्याच्या गार पाण्यात शिरलं की आतली हवा आकसते आणि श्वासनळीतून किंवा सीलमधून पाणी आत ओढलं जातं. म्हणून नदी-ओढे पार करणाऱ्या गाड्यांना ही श्वासनळी वर नेऊन बांधतात. ती तशी बांधलेली दिसली तर मालक जाणकार आहे असं खुशाल समजा. प्लगच्या चुंबकावर बारीक करड्या भुकटीचा लेप असणं नेहमीचं. धातूचे तुकडे किंवा चकत्या मात्र नकोत.

पिकअप शेवटी ओझ्याची गाडी, त्यामुळे ओझ्याने काय केलं आहे ते बघायलाच हवं. मागचे पाटे बसले आहेत का, त्यांत बाहेरून एखादा जादा पाटा घातला आहे का, यू-बोल्ट नवे का दिसतात? कांद्याच्या गोण्या, जांभा चिरे, रेती यांपैकी काहीही क्षमतेच्या दुप्पट भरलेलं असू शकतं, आणि जादा पाटा हा त्याचा कबुलीजबाब असतो. केबिन आणि हौदा यांच्यामधली फट दोन्ही बाजूंनी पाहा. ती वर-खाली सारखी हवी. वर रुंद आणि खाली चिंचोळी, किंवा उलट दिसली, तर चेसिस वाकली आहे. चेसिसवर कुठेही वेल्डिंगची शिवण किंवा नंबराच्या आसपास घासल्याच्या खुणा दिसल्या तर सरळ घरी या.

गंजाच्या बाबतीत कोकण आणि गोव्याची गाडी वेगळी धरावी. किनाऱ्याची हवा तर खारी असतेच, पण मासळी वाहिलेल्या गाडीच्या हौद्यातून बर्फाचं खारं पाणी वर्षानुवर्षं चेसिसवर ठिबकलेलं असतं. पाट्यांचे ब्रॅकेट, हौद्याखालचे आडवे बार, केबिन जिथे चेसिसवर टेकते ते रबर, इथे स्क्रूड्रायव्हरने टोचून बघा. वरवरचा तांबूस थर चालतो. टोक आत शिरलं तर नाही. खालून नुकताच काळा अंडरकोट मारला असेल तर तो विकण्यासाठीच मारला आहे असं धरून चाला आणि दुप्पट टोचा.

पुरात बुडालेली गाडी हा वेगळाच धोका. २०१९ मध्ये कोल्हापूर-सांगलीत आणि जुलै २०२१ मध्ये चिपळूण-महाडला असंख्य वाहनं पाण्याखाली गेली होती. त्यांतली दुरुस्त होऊन कुठे फिरताहेत, कोण सांगणार? सीटबेल्ट शेवटपर्यंत बाहेर ओढा. आतल्या गुंडाळीवर चिखलाची रेघ राहते, कारण तिथे कुणी धूत नाही. सीटचे रूळ, कार्पेटखालचा पत्रा, फ्यूज बॉक्सचे कोपरे बघा. फोर बाय फोरचे स्विच, मोटर आणि वायरिंग खालीच असल्याने या गाड्यांना पुराचा त्रास जास्त काळ भोवतो.

टायर चारही एकाच मापाचे, शक्यतो एकाच कंपनीचे आणि सारखेच झिजलेले हवेत. पुढची जोडी नवी आणि मागची गुळगुळीत असेल तर घेर वेगळे होतात, आणि फोर हायमध्ये सरळ जातानाही तोच वळणावरचा ताण तयार होतो. टायरवरच्या चार आकड्यांत आठवडा आणि वर्ष असतं: ‘२३१९’ म्हणजे २०१९ चा तेविसावा आठवडा. उंच केलेली, मोठे टायर लावलेली गाडी तरुण पोरांना फार आवडते. मला तशी गाडी दिसली की मी किंमत विचारत नाही. उंची वाढली की पुढच्या शाफ्टचा कोन तिरका होतो आणि सीव्ही जॉइंट लवकर जातात. शिवाय आरसीतल्या नोंदीपेक्षा गाडी वेगळी करणं मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये अडकतं, आणि पुढे आरटीओत उत्तरं तुम्हाला द्यावी लागतात.

इंजिनाबद्दल फार लांबवत नाही, कारण ते इतर कुठल्याही डिझेल गाडीसारखंच तपासायचं. आधी फोन करून सांगा की मी येईपर्यंत गाडी चालू करू नका. गार इंजिनच खरं बोलतं. ऑइलचं झाकण उघडून धूर किती फेकतं ते बघा. सायलेन्सरमधून निळा धूर म्हणजे ऑइल जळतंय. १ एप्रिल २०२० पासून नव्या गाड्या बीएस-६ नियमाच्या आहेत. अशा गाडीच्या सायलेन्सरच्या तोंडात बोट फिरवल्यावर दाट काजळी लागली, तर काजळी अडवणारी गाळणी काढून टाकलेली असू शकते. रनिंगचा आकडा कमी आणि पेडलचं रबर गुळगुळीत, ही जोडी जमत नाही.

कागदांत आधी पाटीचा रंग. पिवळ्या पाटीची मालवाहू गाडी पहिली आठ वर्षं दर दोन वर्षांनी आणि नंतर दरवर्षी पासिंगला न्यावी लागते. पांढऱ्या पाटीची खाजगी गाडी पंधरा वर्षांपर्यंत मोकळी असते, पुढे दर पाच वर्षांनी नूतनीकरण. कर्जाचा बोजा असेल तर बँकेची एनओसी आणि नमुना ३५, मालकी बदलायला नमुना २९ आणि ३०. थकलेले ई-चलन परिवहनच्या संकेतस्थळावर गाडीच्या नंबरावरून दिसतात. दिल्लीहून आलेल्या स्वस्त गाड्यांकडे जरा सावध बघा. तिथे दहा वर्षांपुढच्या डिझेल गाड्यांवर आलेल्या निर्बंधांमुळे त्या बाहेरच्या राज्यांत विकल्या जातात. गाडी वाईटच असते असं नाही, पण एनओसी, इथली पुन्हा नोंदणी आणि इथला कर धरल्यावर स्वस्ताई बरीचशी उरत नाही.

दोन गाड्यांत निवड करायची वेळ आली, तर चकाचक पॉलिश केलेली, दिवे आणि विंच लावलेली गाडी सोडा आणि हौद्याला पोचे पडलेली, पण सर्व्हिसच्या पावत्या असलेली शेतकऱ्याची किंवा एखाद्या मळ्याची गाडी घ्या. आणि व्यवहार झाल्यावर पहिल्याच आठवड्यात इंजिन, गिअरबॉक्स, ट्रान्सफर केस आणि दोन्ही डिफरेन्शियल अशी पाचही ठिकाणची तेलं बदलून घ्या. जुन्या मालकाने ती बदलली असल्याचं सांगितलं असलं, तरीही.