नाव : मुलाचा पहिला हक्क

मूल जन्मास आले की त्याला चांगल्या अर्थाचे नाव ठेवणे ही केवळ पालकांची हौस नसून तो त्या मुलाचा हक्क होय, अशी इस्लामी परंपरेची धारणा आहे. म्हणूनच तेथील नामकरणाच्या चालींकडे निव्वळ घरगुती समारंभ म्हणून पाहता येत नाही. त्यामागे माणसाच्या प्रतिष्ठेविषयीचा एक विचार आहे, आणि शाळेचे पट व सरकारी दप्तरे ज्यांच्या हातून लिहिली जातात त्यांनी तरी तो जाणून घेणे अगत्याचे आहे.

बाळ जन्मले की त्याच्या उजव्या कानात अजानचे शब्द हलकेच उच्चारले जातात. हिंदू घरांत बाराव्या दिवशी बारसे होते, तसा मुसलमान घरांत सातव्या दिवशी 'अकीका' करण्याचा रिवाज आहे. बाळाचे जावळ काढतात, केसांच्या वजनाइतकी चांदी दान करतात, बकऱ्याच्या कुर्बानीचे मांस आप्तेष्टांत व गोरगरिबांत वाटतात आणि नाव ठेवतात. तथापि तिथीचे बंधन कडक नाही. खुद्द महंमद पैगंबरांनी आपल्या इब्राहिम या पुत्राचे नाव जन्मताच ठेवल्याचे हदीसमध्ये नमूद आहे.

तिथीपेक्षा महत्त्व आहे ते अर्थाला. 'आसिया', म्हणजे आज्ञा मोडणारी, असे नाव असलेल्या एका स्त्रीला पैगंबरांनी 'जमीला', म्हणजे सुंदर, हे नाव दिले. 'हज्न', म्हणजे खडबडीत, नावाच्या गृहस्थास त्यांनी 'सहल', म्हणजे सुलभ, हे नाव सुचविले. पण वडिलांनी ठेवलेले नाव बदलण्यास त्याने नकार दिला आणि त्याचे नाव तसेच राहिले. चांगल्या अर्थाचा आग्रह धरताना जबरदस्ती मात्र नव्हती, हे येथे लक्षात घेण्याजोगे आहे. नाव अरबीच असावे, असाही दंडक नाही. फिरोज, परवीन ही नावे फार्सी आहेत. इंडोनेशियाच्या 2001 ते 2004 या काळातील अध्यक्षा मेगावती सुकर्णोपुत्री मुसलमान असून त्यांच्या नावात संस्कृत स्पष्ट ऐकू येते.

नावाबरोबर येतो तो वंश. दत्तकासारख्या सांभाळलेल्या मुलालाही त्याच्या जन्मदात्याच्या नावाने ओळखावे, अशी कुराणाच्या 33 व्या अध्यायाची आज्ञा आहे. त्यानुसार पैगंबरांचे मानसपुत्र जैद हे पुन्हा हारिसाचे पुत्र म्हणून ओळखले जाऊ लागले. विवाहानंतर स्त्रीने पित्याचे नाव टाकावे, अशी अपेक्षा नाही. हजरत आयेशा अखेरपर्यंत अबू बकर यांच्या कन्या म्हणूनच ओळखल्या गेल्या. एकमेकांना हिणवणारी टोपणनावे देऊ नयेत, असे 49 व्या अध्यायात बजावले आहे.

एवढ्या विचाराने ठेवलेले नाव दप्तरात शिरताना मात्र त्याची मोडतोड होते. अरबीत 'अब्द' म्हणजे दास. त्यापुढील 'उल' हा पुढच्या शब्दाशी सांधा जोडणारा अंश. 'अब्दुल करीम' म्हणजे उदार परमेश्वराचा दास. तेव्हा 'अब्दुल' हे एक नाव आणि 'करीम' हे वडिलांचे नाव अथवा आडनाव, अशी वाटणी करणे म्हणजे वाक्य अर्ध्यावर तोडणे होय. 'अब्दुल रहमान' व 'अब्दुर्रहमान' हीही एकाच नावाची दोन लेखने आहेत. महाराष्ट्रातील अनेक मुसलमान घराण्यांत आत्तार, तांबोळी, देशमुख अशी आडनावे आहेत, परंतु सर्वत्र ती असतीलच असे नाही. माजी राष्ट्रपती अवुल पकीर जैनुलाबदीन अब्दुल कलाम यांच्या एवढ्या लांब नावात आडनाव नाहीच; जैनुलाबदीन हे वडिलांचे नाव आणि 'अब्दुल कलाम' हे त्यांचे स्वतःचे.

नाव, वडिलांचे नाव, आडनाव या तीन रकान्यांत प्रत्येक माणूस बसलाच पाहिजे, हा हट्ट यास्तव सोडावयास हवा. 1 ऑक्टोबर 2023 पासून लागू झालेल्या सुधारित कायद्याने, त्या दिवसापासून जन्मलेल्यांच्या बाबतीत शाळाप्रवेश, मतदारयादी, वाहन परवाना इत्यादींसाठी जन्मदाखला हाच जन्मतारीख व जन्मस्थळाचा पुरावा ठरविला आहे. त्या दाखल्यात तुटलेले नाव पुढच्या प्रत्येक कागदावर एक तर तुटलेलेच उतरेल, नाही तर न जुळणारे ठरेल. आणि दुरुस्तीसाठी खेटे घालावे लागतील ते त्या मुलाला. लेखणी टेकविण्यापूर्वी 'मुलाचे पूर्ण नाव कोणते?' एवढे पालकांना विचारण्यास क्षणभर पुरतो. तो क्षण देणे हा उपकार नव्हे. ते कर्तव्यच आहे.