विद्यापीठीय प्रकाशने आणि प्रशंसेची भाषा



नवा ग्रंथ हाती आला, की आतील मजकुराआधी आपली नजर मलपृष्ठाकडे वळते. तेथे ग्रंथाची ओळख करून देणारा आणि त्याची वाखाणणी करणारा मजकूर असतो. मराठी प्रकाशनव्यवहारात त्याला 'पाठराखण' असे समर्पक नाव आहे. नवरीसोबत सासरी जाणारी पाठराखीण नवरीचीच बाजू घेणार, हे सर्वांना ठाऊक असते आणि त्यात कोणाला गैरही वाटत नाही. अडचण येते ती पाठराखणीला निवाडा समजल्यावर. ग्रंथावर एखाद्या नामवंत विद्यापीठाचे नाव असेल, तर हा गोंधळ अधिक होतो. म्हणून विद्यापीठीय प्रकाशनांच्या संदर्भात प्रशंसेचे वाचन कसे करावे, याचा विचार आपण या उपघटकात करणार आहोत.

१. निवाडा कोठे होतो?

विद्यापीठीय प्रकाशनसंस्थेकडे आलेले हस्तलिखित सामान्यतः त्या विषयातील तज्ज्ञांकडे अभिप्रायासाठी पाठवले जाते. या तज्ज्ञांची नावे बहुधा लेखकाला कळवली जात नाहीत. ते उणिवा दाखवतात, पुराव्यांविषयी शंका उपस्थित करतात, दुरुस्त्या सुचवतात. लेखकाच्या उत्तरानंतर प्रकरण विद्यापीठातील अध्यापकांच्या मंडळापुढे जाते. हार्वर्ड विद्यापीठात या मंडळाला 'सिंडिक्स', तर ऑक्सफर्डमध्ये 'डेलिगेट्स' म्हणतात.

या परीक्षेचे कागद वाचकापर्यंत कधीच येत नाहीत. वाचकापर्यंत येतात ते मलपृष्ठावरील गौरवोद्गार, वृत्तपत्रांतील परीक्षणांतून वेचलेली वाक्ये आणि पुरस्कारांच्या बातम्या. म्हणजेच कठोर मूल्यमापन पडद्याआड राहते आणि प्रशंसा तेवढी पुढे येते. विद्यापीठाच्या नावावरून ग्रंथ एका चाचणीतून गेला आहे, एवढे समजते. त्यातील प्रत्येक विधान निर्विवाद आहे, असा अर्थ त्यातून निघत नाही.

२. एका ग्रंथाचे उदाहरण

फ्रेंच अर्थशास्त्रज्ञ तोमा पिकेटी यांचा संपत्तीच्या विषमतेवरील ग्रंथ २०१३ साली फ्रेंचमध्ये प्रसिद्ध झाला. त्याचा आर्थर गोल्डहॅमर यांनी केलेला इंग्रजी अनुवाद 'कॅपिटल इन द ट्वेंटी-फर्स्ट सेंच्युरी' या नावाने हार्वर्ड विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१४ साली काढला. सुमारे ७०० पृष्ठांचा हा ग्रंथ अनपेक्षितपणे प्रचंड खपला.

नोबेल पारितोषिकाचे मानकरी पॉल क्रुगमन यांनी 'न्यूयॉर्क रिव्ह्यू ऑफ बुक्स'मध्ये त्याचे परीक्षण लिहिले. त्यांनी ग्रंथाची मुक्तकंठाने स्तुती केली. मात्र अमेरिकेतील अतिउच्च वेतनांमुळे वाढलेल्या विषमतेचा उलगडा ग्रंथाच्या मुख्य सिद्धान्तातून पुरेसा होत नाही, असेही त्यांनी नोंदवले. अशा परीक्षणातून स्तुतीचे एखादे वाक्य जाहिरातीसाठी उचलता येते. मर्यादेची नोंद समजण्यासाठी मात्र संपूर्ण परीक्षण वाचावे लागते.

त्याच वर्षी मे महिन्यात 'फायनान्शियल टाइम्स'चे अर्थविषयक संपादक ख्रिस जाइल्स यांनी पिकेटी यांच्या काही आकडेवारीवर, विशेषतः ब्रिटनसंबंधीच्या आकड्यांवर, गंभीर आक्षेप घेतले. पिकेटी यांनी त्यांना सविस्तर उत्तर दिले. पिकेटी यांनी आपली आधारसामग्री सर्वांसाठी खुली ठेवली होती, म्हणूनच ही तपासणी शक्य झाली. पुढे नोव्हेंबरमध्ये 'फायनान्शियल टाइम्स' आणि मॅकिन्झी यांचा त्या वर्षीचा सर्वोत्तम व्यवसायविषयक पुस्तकाचा पुरस्कार याच ग्रंथाला मिळाला. ज्या वृत्तपत्राने आक्षेप प्रसिद्ध केले, त्याच्याच नावाचा पुरस्कार ग्रंथाला मिळावा, यात विसंगती मानण्याचे कारण नाही. एखादा ग्रंथ महत्त्वाचा असणे आणि तो वादातीत असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पुरस्काराच्या बातमीतून यांपैकी पहिली गोष्ट तेवढी कळते.

३. प्रशंसेची भाषिक लक्षणे

प्रशंसेचा मजकूर वाचताना पुढील तीन गोष्टी तपासाव्यात.

(अ) विशेषणाला आधार आहे का? 'मौलिक', 'अजोड', 'संग्राह्य' ही मूल्यवाचक विशेषणे आहेत. ती बोलणाऱ्याची पसंती सांगतात. ग्रंथात काय आहे, हे सांगत नाहीत. 'लेखकाने अप्रकाशित पत्रव्यवहार प्रथमच वापरला आहे' हे विधान मात्र ग्रंथ उघडून पडताळता येते.

(आ) कर्ता कोठे आहे? 'गाजलेला', 'नावाजलेला', 'सर्वत्र वाखाणला गेलेला' अशा रचनांत कर्ता अध्याहृत राहतो. कोणी वाखाणला, कोठे आणि कशासाठी, हे प्रश्न विचारताच अशा वाक्यांतील पोकळी उघड होते.

(इ) वाक्य कोठे तोडले आहे? समजा, एखाद्या परीक्षणात पुढील वाक्य आहे : 'साधनांचा संग्रह विपुल आहे, मांडणी मात्र विस्कळीत आहे.' जाहिरातीत यातील पहिला भागच छापला, तर एकही शब्द न बदलता अर्थ बदलतो. 'मात्र', 'पण', 'तरी' या शब्दांच्या अलीकडे कात्री चालवणे सर्वांत सोयीचे असते.

४. मराठीच्या अभ्यासकाचा अधिकार

परदेशी विद्यापीठांनी मराठी विषयांवर काढलेल्या ग्रंथांच्या बाबतीत हा विवेक विशेष आवश्यक ठरतो. ख्रिश्चन ली नोव्हेत्झ्के यांचा 'द क्वोटिडियन रिव्होल्यूशन' हा ग्रंथ कोलंबिया विद्यापीठाच्या प्रकाशनसंस्थेने २०१६ साली प्रसिद्ध केला. तेराव्या शतकात मराठी साहित्यभाषा कशी झाली, याची मीमांसा त्यात 'लीळाचरित्र' आणि 'ज्ञानेश्वरी' यांच्या आधारे केलेली आहे. अशा ग्रंथाची बातमी ऐकून आपल्याला अभिमान वाटतो, आणि ते स्वाभाविकच आहे. परंतु 'परदेशात दखल घेतली गेली' एवढ्यावर समाधान मानले, तर ग्रंथात काय म्हटले आहे, हा प्रश्न बाजूला पडतो.

नोकरी, शेती किंवा घरसंसार सांभाळून शिकणाऱ्या तुमच्यापैकी अनेकांना असे वाटत असेल, की मोठ्या विद्यापीठाच्या ग्रंथावर मत देण्याचा आपल्याला काय अधिकार? मित्रहो, या ग्रंथांच्या अनेक वाचकांना मूळ मराठी वाचता येत नाही. त्यांना अनुवादावर विसंबावे लागते. तुम्ही 'लीळाचरित्रा'तील लीळा आणि 'ज्ञानेश्वरी'तील ओव्या मुळातून वाचू शकता. एखाद्या शब्दाचा अर्थ बरोबर लावला आहे का, ओवीचा संदर्भ सुटला आहे का, हे तुम्ही संहिता समोर ठेवून ताडून पाहू शकता. अधिकार येतो तो अशा पडताळणीतून. मग तुमचे मत अनुकूल असो वा प्रतिकूल, त्याला कारणाची जोड असेल.

स्वाध्याय

१. आपल्याजवळील कोणत्याही एका ग्रंथाच्या पाठराखणीतील मूल्यवाचक विशेषणे आणि पडताळता येणारी विधाने यांच्या दोन वेगळ्या याद्या करा.
२. वृत्तपत्रातील एखादे ग्रंथपरीक्षण निवडा. त्यातील स्तुती आणि मर्यादा यांचा सुमारे १०० शब्दांत समतोल सारांश लिहा.
३. 'महत्त्वाचा ग्रंथ' आणि 'वादातीत ग्रंथ' यांतील फरक स्वतःच्या वाचनातील उदाहरणाने स्पष्ट करा.